डोंगर न पाहिलेल्या मुलांना ‘रेषेचा चढ’ कसा शिकवायचा?

(ऑडिओ भागाचा लेखी मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

कार्ल्याहून बोलतेय. मध्येच गाडीची शिट्टी ऐकू आली तर दचकू नका, मळवली स्टेशन इथून जवळच आहे.

गेले काही महिने बऱ्याच जणांचे मेसेज येतायत. सगळ्यांचा सूर एकच. “ताई, बी.एड. झालंय, इथं काही होत नाही, बाहेर जाऊ का?” कुणाला दुबई सुचवलेली असते, कुणाला मालदीव, कुणाला आणखी कुठलं तरी गाव. मी स्वतः मालदीवच्या एका बेटावर गणित शिकवून आलेय. त्यामुळे आज या प्रश्नाचं उत्तर देते. ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असं नाही सांगणार. गणिताची बाई आहे, हिशेब मांडून दाखवते. बेरीज तुम्ही करा.

आधी, मी गेले का?

डिसेंबर २०१७ मध्ये राज्यात शिक्षक अभियोग्यता चाचणी झाली. आमच्या बॅचच्या सगळ्यांनी दिली. मग पवित्र पोर्टल, मग वाट बघणं. पुढची चाचणी थेट २०२३ मध्ये झाली. मधली वर्षं हजारो मुलामुलींनी जशी काढली तशीच मीही काढत होते. एका खासगी शाळेत महिना सात हजारांवर शिकवायचं, संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायच्या. आमच्या घरची कमाई एकविरा आईच्या पायथ्याशी. आईचं ओटी-नारळाचं दुकान, दादाची मळवली स्टेशन ते गड अशी टमटम. चैत्राच्या यात्रेत कोळी-आगरी मंडळी पालख्या घेऊन आली की वर्षाचा मोठा धंदा होतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारचे पर्यटक. बाकी दिवस मोजून मापून.

मालदीवमध्ये विषय शिकवणाऱ्या शिक्षकांची कायम गरज असते. केरळ, तमिळनाडूतून लोक अनेक वर्षं तिथं शिकवायला जातात. मराठी माणूस त्या मानाने कमी. मला जाहिरात एका मैत्रिणीने पाठवली. पगार आपल्या पैशात साठ हजारांच्या आसपास, राहण्याची खोली वेगळी. आकडा ऐकून बाबांनी मला दोनदा विचारलं, “महिन्याचे?” २०१९ च्या जानेवारीत मी गेले.

बेट हुवदू अटोलमधलं, पार दक्षिणेला, विषुववृत्ताजवळ. बेटाचं नाव सांगत नाही. तिथं शाळा एकच आहे, त्यामुळे नाव सांगितलं की मुलं कोण हेही कळतं. माले विमानतळ हा स्वतःच एका बेटावर आहे. तिथून छोट्या विमानाने दक्षिणेला, मग बोटीने. बेट एवढं की पायी फेरी मारायला मला पाऊण तास पुरायचा. जाता जाता एक गंमत. ‘अटोल’ हा शब्द जगभर चालतो, पण तो मूळचा मालदीवचा. त्यांच्या दिवेही भाषेत ‘अतोळु’. आणि हो, त्यात ळ आहे! परदेशात आपला ळ भेटला की काय वाटतं, ते तिकडे गेल्याशिवाय नाही कळायचं.

आता वर्गात या.

माझ्याकडे नववी-दहावी. माध्यम इंग्रजी, परीक्षा केंब्रिजच्या. शाळा रविवार ते गुरुवार, सुट्टी शुक्रवार-शनिवार. पहिल्याच महिन्यात धडा आला, रेषेचा चढ. आपल्याकडे हा धडा शिकवताना मी खिडकीतून बोट दाखवायचे. तो बघा लोहगड, तो विसापूर, कुणाचा चढ जास्त? पोरं पटकन सांगायची. तिकडे मी खिडकीतून बोट दाखवलं तर नारळाची झाडं आणि त्यामागे पाणी. त्या अख्ख्या देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीच मीटर. आमच्या घराची पडवी धरली तर आमचं घर त्या देशातलं शिखर ठरेल! वर्गातल्या निम्म्या मुलांनी डोंगर फक्त टीव्हीवर बघितलेला.

मी मोबाइलवर लोहगडाचा फोटो दाखवला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने नीट निरखला आणि विचारलं, “मिस, यावर लाट येत नाही ना?”

मी हसले नाही. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी त्या देशाला जबर लागली होती. ऐंशीहून जास्त माणसं गेली, काही बेटं तर कायमची सोडावी लागली. त्या मुलाचा जन्म नेमका त्याच सुमाराचा. त्याच्या घरात ‘उंच जागा’ याचा अर्थ जीव वाचण्याची जागा. आपल्यासाठी डोंगर म्हणजे वर्षासहल, भजी आणि ट्रॅफिक जॅम. शब्द एकच असला तरी दोन घरांत त्याचा अर्थ वेगळा असतो, हे शिक्षकाला आधी कळावं लागतं.

मग चढ कसा शिकवला? दुसऱ्या दिवशी वर्ग जेटीवर नेला. बोटीतून माल उतरवायला फळी टाकतात. भरतीला ती जवळजवळ आडवी असते, ओहोटीला बोट खाली गेली की फळी तिरकी होते. मुलांनी टेप घेऊन दोन्ही वेळा मापं घेतली. उभं अंतर भागिले आडवं अंतर. मग तांदळाचं पोतं डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बांगलादेशी कामगाराला विचारलं, “कुठल्या वेळी जड जातं?” त्याने दाखवलेली वेळ आणि मुलांच्या वहीतला मोठा आकडा, दोन्ही जुळले. त्या दिवसानंतर वर्ग माझा झाला.

आणि मी कशी त्यांची झाले? आकड्यांनीच. दिवेहीत मोजायला लागा. एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे, नुवये, दिहये. कानाला ओळखीचं वाटलं ना? आपल्या एक-दोन-तीनची लांबची भावंडंच. बाराला ‘दोळस’. जुन्या पद्धतीत ते लोक बाराच्या पटीत मोजायचे, म्हणून साठ म्हणजे ‘फस्दोळस’, पाच बारा. मासळी म्हणजे ‘मस’, रोटी म्हणजे ‘रोशी’, रुपया म्हणजे ‘रुफिया’. आणि त्यांची लिपी, ताना, उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांवरून, एक ते नऊवरून घेतलेली आहेत. आकड्यांपासून केलेली अक्षरं! गणिताच्या बाईला आणखी काय हवं?

आणखी एक जुनी ओळख सांगते. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी’ म्हणतो. भवानीच्या गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. एके काळी हिंदुस्थानात चलन म्हणून फिरणाऱ्या कवड्या मोठ्या प्रमाणावर मालदीवहून यायच्या. बंगालमधून तिकडे तांदूळ जायचा, तिकडून कवड्या यायच्या. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथं गेला आणि काझीच्या नोकरीवर राहिला, त्याने हे लिहून ठेवलंय. म्हणजे परदेशी माणसाने त्या बेटांवर नोकरी करणं ही काही आजची गोष्ट नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू, जी जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

एक, एकटेपणा. बेटावर मराठी बोलणारी मी एकटी. शुक्रवारी सगळं शांत, रस्त्यावर कुणी नाही. खोलीत स्वतःशीच मोठ्याने बोलायचे, तेवढंच मराठी कानावर पडावं म्हणून.

दोन, नियम. तो मुस्लिम देश आहे. पूजेच्या मूर्ती आणायला कस्टमची मनाई. हे निघायच्या आधीच माहीत होतं, म्हणून देव घरीच ठेवून गेले. आई म्हणाली, “एकविरा काय मूर्तीत बसलीय होय? जा तू.” त्या देशाचे नियम त्या देशाचे. पटत असेल तर जायचं, तिथं जाऊन कुरकुर करायची नाही.

तीन, पैसा. पगार रुफियात मिळतो, घरी पाठवायचा तर डॉलर लागतात, आणि डॉलरची टंचाई असते. बँकेत मर्यादा, बाहेर भाव जास्त. कागदावरचे साठ हजार कार्ल्याला पोचेपर्यंत थोडे बारीक होतात.

चार, करार. माझा करार एकेका वर्षाचा. दर वर्षअखेर तेच. वाढणार की नाही?

आता २०२० कडे येते.

मार्चमध्ये तिथं सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली, शाळा बंद. मुलांसाठी टीव्हीवर ‘तेलिकिलास’ सुरू झाले, आम्ही शिक्षक मोबाइलवरून शिकवायला लागलो. इकडे देशभर टाळेबंदी. चैत्रातली यात्रा झाली नाही. गडावर कुणी नाही, आईचं दुकान बंद, दादाची टमटम दारात उभी आणि तिचे हप्ते चालू. घरात चार माणसं, आणि कमाई एकटीची. तीही समुद्रापलीकडे.

मेच्या सुरुवातीला बातमी आली. नौदलाचं जहाज येतंय, आयएनएस जलाश्व. मोहिमेचं नाव समुद्रसेतु. मालेहून ६९८ लोकांना घेऊन ते १० मेला कोचीला पोचलं. गरोदर बायका, आजारी माणसं, नोकरी गेलेले लोक आधी. पुढे आणखी फेऱ्या होणार होत्या. माझ्याबरोबरची तिरुनेलवेलीची शिक्षिका म्हणाली, “मी नाव देतेय. तू?”

त्या रात्री वहीचं पान घेतलं आणि मध्ये रेघ मारली. डावीकडे ‘गेले तर’. करार मोडणार, पगार बंद, घरी पाचवं खाणारं तोंड. इकडे शाळा बंद, म्हणजे नोकरी शून्य. उजवीकडे ‘राहिले तर’. पगार चालू, हप्ते भरले जातील, दहावीची मुलं अर्ध्यात सुटणार नाहीत. उजवी बाजू जड होती, त्यात काही वाद नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बाजूला लिहिता येईना. आजी. वय एक्याऐंशी.

आईला फोन केला. ती म्हणाली, “ये घरी.” थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग आजीने फोन मागून घेतला. म्हणाली, “पोरी, तू तिथंच ऱ्हा. इथं येऊन काय माझ्या तोंडाकडं बघत बसणार? पोरांचं शिकवणं चालू ठेव.” मी नाव दिलं नाही.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. मावळात किती घरांचे पत्रे उडाले, आठवतंय ना? आमचेही गेले. नवे पत्रे माझ्या जूनच्या पगारातून आले. जुलैत आजी गेली. मी व्हिडिओ कॉलवर होते. दादाने मोबाइल धरला होता आणि नेटवर्क सारखं जात होतं.

मला बरेच जण विचारतात, “मग चुकलंच ना तुझं?” नाही. हिशेब बरोबर होता. बरोबर हिशेबाचीही किंमत असते, आणि ती भरावी लागते. बाहेर जायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ आपल्या वहीत आधीच लिहून ठेवावी. घरातल्या कुणाच्या तरी शेवटच्या क्षणी आपण तिथं नसू. हे मान्य असेल तर पुढचं बोलू.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंबद्दल खूप वाचलं. आपल्याला त्या शारदा सदन आणि केडगावमुळे माहीत असतात. पण १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचविशीत होत्या. नवरा वारलेला, बरोबर लहान मुलगी. डॉक्टर व्हायचं होतं, ऐकू कमी येत असल्याने ते राहिलं. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकता शिकता त्या संस्कृत शिकवायला लागल्या. म्हणजे परदेशात नोकरी करणारी तरुण मराठी शिक्षिका, तीही एकशे चाळीस वर्षांपूर्वी. पुढे त्यांनी तरुण मुलग्यांनाही शिकवावं का, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. कुणाला शिकवायचं हे दुसरेच ठरवू लागले. रमाबाईंनी पत्रांतून सरळ वाद घातला. परदेशात गेलं म्हणजे मान खाली घालूनच राहावं लागतं असं नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. तिथं राहिल्या, शाळा पाहिल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या. परत आल्या आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. त्याच वर्षी अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तकही आलं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे. बाहेर जे शिकल्या ते इथल्या मुलींच्या वर्गात आणलं.

मी का परतले, ते आता सांगते.

पैसे खूप साठले म्हणून नाही. टमटमचं कर्ज फिटलं होतं, छप्पर झालं होतं. देवळं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला उघडली आणि आईचं दुकान हळूहळू मार्गी लागलं. करार वाढवायला शाळा तयार होती. पण वर्ष संपताना एका मुलीने विचारलं, “मिस, तुमच्यानंतर कोण?” आमच्या वर्गाला तीन वर्षांत मी तिसरी गणित शिक्षिका होते. करारावरचे शिक्षक येतात, जातात. मुलं दर वेळी नव्याने सुरुवात करतात. मी तिला खरं उत्तर देऊ शकले नाही. आणि त्याच आठवड्यात इकडून चुलत भावाचा फोन. त्याच्या शाळेत गणिताची जागा दीड वर्ष रिकामी, आठवीची पोरं स्वतःच पुस्तक वाचतायत. दोन्हीकडची मुलं एकच प्रश्न विचारत होती. तिकडे मी कितीही राहिले तरी करारावरचीच राहणार होते. इकडे कायम राहता येण्याची निदान शक्यता होती.

२०२१ मध्ये परतले. २०२३ ची चाचणी दिली, २०२४ मध्ये पवित्र पोर्टलमधून माध्यमिक शाळेत लागले. शिक्षण सेवक. पहिली तीन वर्षं दरमहा मानधन १८,०००. आधी हे ८,००० होतं, जानेवारी २०२३ पासून वाढलं. साठ हजारांवरून अठरा हजारांवर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी. गावातल्या काकांना हे गणित अजून पटलेलं नाही, आणि महिनाअखेरीला कधी कधी मलाही नाही. पण माझी आठवी नववीत गेली तेव्हा त्यांची बाई बदलली नव्हती.

ज्यांनी जायचं ठरवलंय त्यांच्यासाठी आता कामाचं बोलते. लिहून घ्या.

एजंटचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि पावती द्यावी लागते. माझ्या ओळखीच्या एका मुलीकडून एकाने याच्या तिप्पट मागितले होते. पावतीचं नाव काढल्यावर त्याचा फोन बंद झाला.

करार हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. त्यात चार गोष्टी बघा. पगार कुठल्या चलनात, खोली कुणाची, परतीचं तिकीट कोण देणार, करार मध्येच संपला तर काय.

मूळ प्रमाणपत्रं साक्षांकित करून घ्या, स्कॅन करून ठेवा. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. पोचल्यावर भारतीय उच्चायुक्तालयात किंवा दूतावासात नाव नोंदवा. मे २०२० मध्ये या नोंदीचं मोल अनेकांना कळलं.

आणि तिथल्या भाषेतले दहा आकडे पाठ करून जा. बाकी हळूहळू येतं.

कार्ल्यात राहणाऱ्यांना एक सांगते. पुढच्या वेळी लेण्यात जाल तेव्हा सेल्फी काढून झाल्यावर चैत्यगृहातल्या खांबांकडे बघा. काही खांबांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकटचे यवन आहेत. यवन म्हणजे बाहेरून आलेली माणसं, ग्रीक किंवा तिकडची. धेनुकाकट नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही माणसं आपल्या मुलखात राहिली, कमावलं, आणि कमाईतला एक खांब या डोंगराला देऊन गेली. नाव लिहिलं, गाव लिहिलं. मी लहानपणापासून त्या खांबांना टेकून बसत आलेय, पण त्यांच्याकडे नीट बघितलं मालदीवहून आल्यावर. परक्या गावात मी काय ठेवून आले, हा प्रश्न तिथं उभं राहिलं की आपोआप पडतो. माझं उत्तर फार मोठं नाही. एका जेटीवरची फळी आणि सव्वीस मुलांच्या वहीतली मापं.

सध्या माझ्या नववीला एक प्रकल्प दिलाय. गडाच्या पायऱ्यांचा चढ मोजायचा. दर दहा पायऱ्यांमागे उंची आणि आडवं अंतर. ही मापं आम्ही त्या बेटावरच्या शाळेला पाठवणार आहोत, आणि तिकडून भरती-ओहोटीची मापं मागवणार आहोत. आमच्यातल्या निम्म्या मुलांनी अजून समुद्र बघितलेला नाही. एकाने काल विचारलं, “बाई, भरतीला पाणी वर जातं, तर मग इंद्रायणीला भरती का येत नाही?” पुढच्या भागात त्याच्यापासूनच सुरुवात करू.

तोवर तुमचे प्रश्न पाठवा. कुठल्या देशात, किती पगारावर, कुणाला मागे ठेवून जाताय, तिन्ही लिहा. तिसरं उत्तर मी आधी वाचेन.

भेटू या, मित्रांनो. काळजी घ्या.